अलकाआत्याचे मार्क

बाबा ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाहीत. त्या दुपारी मरोळच्या ऑफिसात मी डबा उघडत होते आणि फोनवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच काय ते कळलं. "सायली, ताई गेली गं," एवढंच ते म्हणाले. अलकाआत्या आठवडाभर न्यूमोनियाने रुग्णालयात होती. गेले काही महिने तिला घास गिळताना ठसका लागायचा, अन्न श्वासनलिकेत गेलं असावं, असं डॉक्टर म्हणाले होते. मी डबा बंद केला आणि शेजारच्या मुलीला "घरी जातेय" म्हणून निघाले. रिक्षात बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... आपण तिचा अभ्यास फार चांगला करून घेतला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. मुलुंड पूर्वेला, आमच्याच इमारतीत आमच्या खालच्या मजल्यावर ती एकटी राहायची आणि घरी स्कॉलरशिपच्या परीक्षेचे क्लास घ्यायची. पेपर ओळखीचा झाला की त्याची भीती जाते, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मुलांकडून ती जुने पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यायची, पुन्हा पुन्हा, पार कंटाळा येईपर्यंत. मी इंग्रजी शाळेतली, त्यात अबोल. क्लासमध्ये मागच्या सतरंजीवर बसायचे. उत्तर येत असूनही मी गप्प राहिले की ती ओरडायची, "तोंडात गुळणी धरलीयस का गं? येतंय ना, मग बोल की!" मला मराठी नीट वाचता-लिहिता येतं ते तिच्यामुळे. बोलणं मात्र तिलाही शिकवता आलं नाही.

पन्नाशीच्या आसपास तिच्या उजव्या पायातली चप्पल जिन्यात निसटायला लागली. निसटलेली तिला कळायची नाही, खालून कोणीतरी "बाई, तुमची चप्पल" म्हणून आणून द्यायचं. मग फळ्यावरचं अक्षर उतरतं व्हायला लागलं. बऱ्याच तपासण्यांनंतर नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर जे आवरण असतं, ते शरीर स्वतःच कुरतडत जातं. तिचा प्रकार सावकाश पण एकाच दिशेने पुढे सरकणारा होता आणि त्यावर फारशी औषधं नव्हती. एका मोठ्या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू होती, तिथे तिला घेतलं. मी सोबतीला जायचे.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं सावकाश समजावलं होतं. काही जणांना खरं औषध, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरांना. दर तीन महिन्यांनी चाचण्या. आखलेल्या पट्टीवरून भरभर चालायचं, एका पाटीच्या भोकांत छोट्या खुंट्या बसवून परत काढायच्या, तक्त्यात बघून चिन्हांचे आकडे सांगायचे. चाचणी घेणाऱ्या बाई वेगळ्या, त्या सूचनांपलीकडे अवाक्षर बोलायच्या नाहीत. आणि मुख्य म्हणजे, कोणाची तब्येत घसरली आणि पुढच्या खेपेलाही घसरलेलीच दिसली, तर मग खरं औषध उघडपणे सुरू करणार होते.

"म्हणजे नापास झालं की बक्षीस?" आत्या म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या. "नापास वगैरे काही नाही हो ताई यात." आत्याने मान हलवली, पण मी तिला ओळखत होते. जिथे घड्याळ लावतात ती परीक्षा, आणि परीक्षेत मुद्दाम कमी मार्क पाडायचे ही कल्पनाच तिच्या डोक्यात शिरणारी नव्हती. शिवाय तिच्या मनात एक भीतीही होती. "मार्क घसरले तर काढून टाकतील गं. ढ मुलांना कोण ठेवतंय क्लासात?" मी म्हटलं, "आत्या, तसं नाहीये ते." यापुढचं वाक्य मला येत होतं, जशी आहेस तशीच तिथे दिसलीस तरच वेळेवर खरं औषध मिळेल. मी ते बोलले नाही.

पहिल्या चाचणीत एक खुंटी तिच्या बोटांतून सुटून जमिनीवर पडली. घरी येईपर्यंत ती त्यावरच अडली होती. पुढच्या रविवारी मला म्हणाली, "टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल आहे ना तुमच्याकडे? आण." मी भोकं पाडली, पेन्सिलींचे तुकडे केले. चिन्हांचा तक्ता तिने आठवून आठवून पाठकोऱ्या कागदावर काढला. बरेचसे आकार आम्ही मनाने घातले. मग दर रविवारी दुपारी आमचा क्लास सुरू झाला, फक्त या वेळी घड्याळ माझ्या हातात. "बाई, वेळ संपली," मी म्हणायचे. "चल! लवकर सुरू केलंस तू घड्याळ. लबाड!" ती ओरडायची. दुसऱ्या खेपेला हात वळला की टाळी द्यायची, मग पोहे करायचे, पुन्हा एक फेरी. मला फारशा मैत्रिणी नाहीत. त्या रविवारची मी आठवडाभर वाट बघायचे, हेही इथे लिहायला हवं.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती काही काम करायची नाही, पडून राहायची. उकाड्याने या आजारात अंगातली ताकदच जाते. म्हणून सकाळची वेळ घ्यायची, गार पाण्याने आंघोळ, खाली एसी गाडी. मे महिन्यातल्या एरवीच्या दुपारी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठू शकत नसे. पण पट्टीवर उभी राहिली की खालचा ओठ दाताखाली धरून सरळ चालत जायची. मार्क टिकत होते. बाबा खूश होते. "औषध लागू पडलेलं दिसतंय ताईला," ते सगळ्यांना सांगायचे.

एका खेपेला डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "इथे तर छानच दिसतंय. घरी कशा असता?" त्याच आठवड्यात आत्या घरात पडली होती. मीच तिला उचललं होतं, आणि काळानिळा दंड झाकायला तिने त्या दिवशी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. "घरी पण अशीच," आत्या म्हणाली. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सायली, तू सांग. तू बघतेस ना रोज?" ... आत्याही माझ्याकडे बघत होती. मागच्या सतरंजीवरच्या मुलीकडे बघायची, तशी नाही. विनवल्यासारखी. मी म्हटलं, "ठीक आहे सगळं." परतताना गाडीत तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "शहाणी गं माझी." मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

पुढे सराव पुरेनासा झाला. पेन्सिली थर्माकोलपर्यंत पोचेनात. दोनदा लागोपाठ घसरण दिसेपर्यंत ती व्हीलचेअरमध्ये होती. मग खरं औषध सुरू झालं, आणि औषधाची ती सगळी चाचणी संपल्यावर कळलं की आधीचा सगळा काळ तिला नुसती गोळी मिळत होती. डॉक्टरबाईंनी हे फार जपून सांगितलं. आत्याने क्षणभर विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "म्हणजे औषधाचं काहीच नाही? सगळे मार्क माझेच?" ती खळखळून हसली, हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. तो तिच्या आयुष्यातला शेवटचा मोठा आनंद असेल. मी खाली मान घालून ग्लास धरून बसले होते.

तेराव्यानंतर मी एकटीच डॉक्टरबाईंना भेटायला गेले. थर्माकोलपासून सगळं सांगितलं. इतकं सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नसेन. त्या रागावल्या नाहीत. हात सरावतो हे आम्हाला ठाऊक असतं, त्याची थोडी सोय चाचणीत असते, म्हणाल्या. औषध लवकर मिळालं असतं तर फरक पडला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, "पण तू त्या दिवशी सांगायला हवं होतंस." आणखी एक गोष्ट त्या बोलल्या नाहीत, पण परत येताना मला सुचली. नुसती गोळी खाणारी एक बाई छान चालते आहे, अशी आमची खोटी तब्येत त्या अभ्यासात जमा झाली. नुसत्या गोळीवरही माणूस टिकतं असं दिसलं की खरं औषध तेवढं कामाचं वाटत नाही. तिथे बाकावर मानखुर्दहून येणारी, माझ्याच वयाची एक पेशंट मुलगी असायची, नवऱ्याचा दंड घट्ट धरून बसलेली. औषध किती उपयोगी आहे हे ज्या हिशेबावरून ठरणार, तो आम्ही तिच्यासाठीही थोडा बिघडवला. आत्याच्या हे लक्षातही आलं नाही. आलं असतं तर पेन्सिली तिने स्वतः फेकून दिल्या असत्या. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला तिने कधी माफ केलं नव्हतं.

गेल्या रविवारी बाबांनी रंगाऱ्याला तिच्या घरी बोलावलं. तो भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "हे डाग घासावे लागतील." तिच्या पलंगापासून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळातल्या भिंतीवर, कोपराच्या उंचीवर, एक काळपट पट्टा आहे. सुरुवातीला बोटं वेगवेगळी ओळखू येतात. पुढे अख्खा तळवा. वळणाजवळ तर रंग जाऊन आतला गिलावा दिसतो. तिथे भिंत संपते, आणि समोरच्या भिंतीवर फक्त पाच बोटांचा एक खोल डाग आहे, झेप घेऊन धरल्यासारखा. बाबा आणि रंगारी हिशेब करायला बाल्कनीत गेले. मी पट्ट्यावर हात ठेवून वळणापर्यंत चालत गेले. पुढे हाताला काही लागेना. तेवढं अंतर ती, व्हीलचेअर येण्याआधी, रोज पाणी प्यायला, दूध तापवायला, कशी पार करायची हे मला कधी कळलं नाही, असं लिहिणार होते... पण मी वरून यायचे, दार ढकलायचे आणि तिथेच उभी राहून, तिचा हात समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत, श्वास रोखून बघायचे.