स्वातीच्या जागी

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाला रंजीता निकुरे नावाची सहायक प्रशिक्षक होती. तिच्या संघानं कितीतरी स्पर्धा गाजवल्या, पण त्यातली एकही अंतिम लढत तिनं डोळ्यांनी पाहिली नाही. प्रशिक्षक म्हटली की ती मैदानाच्या कडेला हवी, गळ्यात शिट्टी हवी, ओरडून ओरडून घसा बसलेला हवा. रंजीताचा घसा बसायचा खरा, पण तो कुणाच्या तरी भाताच्या बांधीत धानावरची पाखरं हाकलून. संघ तिकडे नागपूर-अमरावतीला खेळत असायचा आणि ही बाई इकडे ओढणी कमरेला बांधून आपल्याच एखाद्या खेळाडूच्या शेतात वाकलेली असायची.

हा उफराटा कारभार तिनंच अंगावर ओढवून घेतला होता. नोकरीला लागली त्या वर्षी कॉलेजचे क्रीडा संचालक प्रफुल सर तिला म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही फक्त उंच मुली आणा. बाकी मी पाहतो." बाकी म्हणजे बेंचवर बसणं आणि सत्काराचे नारळ घेणं, हे तिला पुढे कळलं. उंच मुली शहरातही होत्या, पण त्यांना उन्हात काळं पडायचं नव्हतं. मग रंजीता स्कूटी घेऊन गावोगाव फिरू लागली. नागभीडकडच्या एका गावात तिला दिव्यानी दिसली. शेजारणीच्या छपरावर चढून बसलेला कोंबडा ती टाचाही न उचलता काढून देत होती. रंजीतानं तिथंच स्कूटी उभी केली.

दिव्यानीची आई शकुबाई मोठी खमकी. "खेळाले जाऊ द्या म्हणता, जाऊ देतो," ती म्हणाली. "पण तुमची स्पर्धा ऐन धानकापणीत आली. पोरगी गेली तं कापणी कोन करंल? तुमी करता काय?"

"करतो," रंजीता म्हणाली.

बोलून गेली आणि मग मागे हटायची सोय राहिली नाही. तशी ती धानाच्याच घरची, विळा काही तिला नवा नव्हता. दिव्यानीच्या जागी ती बांधीत उभी राहिली, दिव्यानीच्या जागी जेवायला बसली, दिव्यानीच्या खाटेवर झोपली. तिकडे संघ जिंकला. मग काय, ही बातमी एका आईकडून दुसऱ्या आईकडे गेली आणि तो रिवाजच पडला: पोरगी न्यायची असेल तर बदल्यात मॅडम घरी येतात. जिवतीच्या डोंगरावर तिनं कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं. एका घरची म्हैस तिला अंगाला हात लावू देईना, तेव्हा त्या पोरीची जुनी ओढणी पांघरून तिनं दूध काढलं. म्हैस फसली, पण त्या घरची म्हातारी हसून हसून भिंतीला टेकली.

तिचा नवरा रोशन वीज केंद्रात कामाला, राहणं ऊर्जानगरच्या क्वार्टरात. तो तिला चिडवायचा. "कॉलेजवाले तुले कोच म्हून ठेवून राह्यले का रोजीवर?"

"पोरी खेळून राह्यल्या ना? मंग झालं तं."

तिला खरंच तेवढंच पुरायचं. आता असं माणूस पाहिलं की आपल्याला रागच येतो. स्वतःसाठी काहीतरी माग ना बाई, असं म्हणावंसं वाटतं. पण रंजीतानं मागितलं नाही, आणि न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

मग स्वाती आली. धानोऱ्याच्या पुढे, रस्ता संपून जंगल सुरू होतं तिथल्या गावची. बाप लच्छू, आई रुखमा. थोडी शेती, बाकी जंगलावर भागायचं: तेंदूपत्ता, चारोळी, डिंक आणि सगळ्यात मोठा आधार मोहफुलांचा. स्वाती धावायची तेव्हा तिचे पाय जमिनीला लागतात की नाही, असं वाटायचं. इतक्या वर्षांत अशी पोरगी रंजीताच्या हाताला लागली नव्हती.

रुखमानं बास्केटबॉल म्हणजे काय ते आधी समजून घेतलं. रंजीतानं अंगणातल्या टोपलीकडे बोट दाखवून सांगितलं की अशीच एक टोपली उंच टांगलेली असते, चेंडू तिच्यात टाकायचा.

"आन् मंग?"

"मंग तो खालून पडते."

"खालून? बूड नाई काय तिले?" रुखमाला हसू आवरेना. "बूड नसलेल्या टोपलीसाठी पोरी एवढ्या धावतात? आमी बूड असलेली भरता भरता मरून राह्यलो, बाई."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. स्वाती स्पर्धांना जायची आणि रंजीता रुखमाकडे राहायची. पहिल्या वर्षी मॅडम आणि खेळाडूची आई होत्या, पुढे पुढे त्या बहिणी दिसू लागल्या. रुखमा तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची, तिला मूल नाही म्हणून तिच्याहून जास्त हळहळायची. "स्वाती तुहीबी हाय," एकदा भाजी चिरता चिरता तिनं सहज म्हणून टाकलं. रंजीता उठून पाणी प्यायला गेली, कारण डोळे भरून आले होते.

स्वातीला वनरक्षक व्हायचं होतं. खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, आणि त्यासाठी राज्यस्तरावरचं पदक लागतं. तिच्या शेवटच्या वर्षी ते पदक हाताशी आलं, पण ती स्पर्धा आली मोहफुलांच्या दिवसांत. रुखमा विचारात पडली. कारण कामाचं नव्हतं. त्या वर्षी जंगलात वाघाचा वावर वाढला होता.

मोहफुलं पहाटे गळतात, ती उजाडताच वेचावी लागतात, आणि वेचायला वाकावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून तिथल्या बायकांचा नियम आहे: एका झाडाखाली दोघी. एकीनं वाकायचं, दुसरीनं ताठ उभं राहायचं, मोठ्यानं बोलत राहायचं, चारी बाजूंना पाहायचं. मग पाळी बदलायची. आजवर रुखमाची जोडीदारीण स्वाती होती.

"मी उभा राहीन ना तिच्या जागी," रंजीता म्हणाली. "पोरीले जाऊ द्या."

रुखमानं जाऊ दिलं.

संघ जिंकत गेला. गावात फोन लागत नसे. जंगलाच्या कडेच्या टेकडीवर चढलं की लागे. रंजीता रोज वर जाऊन यायची. संघातल्या पोरींनी पाठवलेला उपांत्य सामन्याचा व्हिडिओ तिनं तिथंच बसून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. अंतिम सामन्यात समोर येणाऱ्या संघाचे व्हिडिओही त्यांनी पाठवले होते. त्या संघात एक धिप्पाड पोरगी होती. उडी मारण्याआधी ती डावा खांदा किंचित पाडायची. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, रंजीताच्या आलं.

अंतिम सामन्याच्या सकाळी दोघी झाडाखाली होत्या. उजाडून गेलं होतं, अर्धी फुलं वेचून झाली होती. स्वातीचा फोन येणार होता. रुखमाच म्हणाली, "जा, बाई. पोरगी वाट पाहत असंल. बाजूच्या झाडाखाली सोमारी हाय, मी तिच्यासंग बोलत राहतो."

गावातली सोमारी तिथं होतीही. रंजीता टेकडी चढली.

"ताई, मले भेव लागून राह्यलं," स्वाती म्हणाली.

आणि मग रंजीता बोलू लागली. खांदा पडला की तू उडी घे, त्याआधी नको. तिला पाठीवर घे, पुढे येऊ देऊ नको, कंबर खाली ठेव. पहिले दोन बास्केट गेले तरी घाबरायचं नाही. आपल्या पुनमला सांग, बॉल उंच दे. इतक्या वर्षांत कुणी तिला हे विचारलं नव्हतं. बेंचवर सर असायचे आणि ती शेतात असायची. त्या सकाळी ती पहिल्यांदा प्रशिक्षक झाली. हातवारे करत, टेकडीवर येरझारा घालत बोलत राहिली. तिकडून स्वाती हसायला लागली, हो ताई, हो ताई म्हणायला लागली. दोघींनाही फोन ठेवावासा वाटेना. सुखाचा एक तुकडा तिच्या वाट्याला आला होता, तो तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवला. एवढंच तिचं चुकलं.

फोन ठेवला तेव्हा खालून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. सोमारी भरलेली टोपली ठेवायला पायवाटेपर्यंत गेली होती. तेवढ्यात झालं होतं. रंजीता धावत उतरली तेव्हा बायकांनी डबे वाजवून वाघाला हुसकावलं होतं. रुखमा झाडापासून थोड्या अंतरावर पडली होती. तिची टोपली तशीच सरळ होती. रंजीता तिच्याजवळ बसली आणि तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रुखमा गेली होती.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, देह शवविच्छेदनाला गडचिरोलीला नेला. रंजीतानं टेकडीवर जाऊन प्रफुल सरांना कळवलं. सर म्हणाले, "मॅडम, तिला आत्ता सांगितलं तरी आई दुपारनंतरच घरी येणार. खेळून होऊ द्या. मी स्वतः गाडीनं घेऊन येतो." रंजीता फोन ठेवून खाली उतरली.

संघ जिंकला. सरांनी वाटेत गाडी थांबवून स्वातीला सांगितलं. ती अंगणात आली तेव्हा अंगावर संघाचाच पोशाख होता. आईपाशी बसून ती खूप रडली. लच्छू कुडाला टेकून बसला होता. सगळा गाव जमला होता. मग स्वाती उठली आणि रंजीतासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, खरं सांगा. आपण फोनवर बोलून राह्यलो होतो, तवाच झालं ना?"

रंजीतानं तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिला पाठ होता. पहिला बास्केट चुकला की दुसरा टाकायला न धजणारा, सगळं स्वतःवर घेणारा. हो म्हटलं तर ही पोरगी आयुष्यात पुन्हा चेंडूला हात लावणार नाही. पदक घरात गंजेल, भरतीला ती जाणार नाही, आणि रोज सकाळी तिला तो फोन आठवेल. एकीला आठवणार होताच. दुसरीला कशाला?

"नाई," रंजीता म्हणाली. "फोन ठेवला, मंग मी खाली आलो. आईच्या बाजूलेच उभा होतो. तो आला, आन्... मी पळालो, स्वाती. तिले सोडून पळालो."

सोमारी हळूच म्हणाली, "मी पायलं होतं तिले टेकडीकून धावतानी." तिनं खरंच पाहिलं होतं, फक्त ती धाव पळून जाण्याची नव्हती, रुखमाकडे येण्याची होती.

स्वाती एक पाऊल मागे सरकली. "तुमी माह्या जागी होता ना, ताई?"

रंजीतानं मान खाली घातली. लच्छू कुडापासून उठला. "जा, बाई," तो म्हणाला. "आता आमच्या घरी येऊ नका." मातीला थांबायचंही तिच्या नशिबी आलं नाही. गावाबाहेर बाभळीखाली स्कूटी लावून ती उभी राहिली, आणि रडण्याचा आवाज थांबला तेव्हा निघाली.

अशा गोष्टी जंगलातून भराभर पसरतात. पुढच्या वर्षी ती मुलींच्या शोधात निघाली तेव्हा कुठल्याच आईनं तिला वाईट बोललं नाही. पाणी दिलं, चहा दिला, आणि पोरीचं लग्न ठरून राह्यलं म्हणून सांगितलं. ज्या शकुबाईच्या बांधीत हे सगळं सुरू झालं, तिनंही रस्त्यात भेटल्यावर नजर चुकवली. उंच मुली येईनात, तेव्हा कॉलेजला सहायक प्रशिक्षकाची गरज उरली नाही. निरोपाचा नारळ तेवढा तिला मिळाला.

"सांगून टाक ना एकडाव खरं," रोशन चिडून म्हणायचा. "लोक तुले काय काय बोलून राह्यले. माह्या जिवाले लागते."

"मले बोलून राह्यले ना? पोरीले तं कोणी काही म्हणत नाई."

स्वाती वनरक्षक झाली. ही बातमी रंजीतानं पेपरात वाचली, तिला कुणी सांगितली नाही. पुढे वनखात्याच्या क्रीडास्पर्धा चंद्रपूरला भरल्या, तेव्हा रोशनला न सांगता ती पाहायला गेली. मैदानाच्या टोकाला, शेवटच्या पायरीवर बसली. स्वाती अजून तशीच धावत होती. समोर एक धिप्पाड पोरगी होती, आणि स्वाती तिला पाठीवर घेऊन, कंबर खाली ठेवून उभी होती. तिच्या बेंचवरून कुणीतरी भलतंच काही ओरडत होतं.

खेळ थांबला तेव्हा स्वातीची नजर त्या पायरीवर गेली. तिनं ओळखलं. चेहरा दगडासारखा झाला आणि तिनं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांनीही त्या नजरेतली घृणा ताजी होती. रंजीताला वाटलं, आत्ता उठून खाली जावं, पोरीचे दोन्ही हात धरावेत आणि सगळं सांगून टाकावं. ती अर्धवट उठलीही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. स्वातीनं हात वर करून बॉल मागितला, आणि रंजीता पुन्हा खाली बसली.