पडलेला पाव

आमची सून रूता लिथुएनियाची. तिच्या माहेरी पाव खाली पडला तर उचलून ओठांना लावतात; आमच्या घरात कपाळाला लावतात. लग्नानंतर पुण्यात येऊनही तिने आपली रीत सोडली नव्हती. काल नाश्त्याला तिच्या हातून तुकडा निसटला आणि तिने तो उचलून सरळ कपाळाला लावला.

“आता खरी आमची झालीस गं!” माझी बायको हसली.

रूता गोरीमोरी झाली. “बाबा, असं कसं झालं माझ्याकडून?”

शेजारी बसलेली नात आईकडे टक लावून बघत होती. पाव ओठांना लावायची रीत आईखेरीज तिला इथे कोण दाखवणार?

रूताने तुकडा पुन्हा जमिनीवर ठेवला, लेकीला जवळ घेतलं आणि तो उचलून ओठांना लावला. लेकीनेही लावला. मला मात्र धास्ती वाटत राहिली. या वेळी रूताला ते आठवून करावं लागलं होतं.