केलमोर जहाजावरची घोंगडी

पडेगावच्या फकिराला मेंढ्यांबद्दल काही विचारा, गडी दोन शब्दांत मोकळा. जहाजाबद्दल विचारा, मग मात्र दुपार ढळेपर्यंत बसायची तयारी ठेवा. दौलताबादच्या रस्त्याला मेंढ्या चारणारा धनगर, नाल्याला गुडघाभर पाणी आलं तर काठाकाठानं चालणारा, आणि हा सांगणार समुद्राच्या गोष्टी! पोरंटोरं फिदीफिदी हसायची. पण छावणीच्या बाजारात कोणी मुंबईचा माणूस भेटला, की फकिरा आधी त्याला चहा पाजायचा आणि मग हळूच विचारायचा, "केलमोर नावाचं जहाज हाय का हो अजून पाण्यावर? का मोडलं?"

"मला काय ठाऊक बुवा," असं तो म्हणाला की फकिराचा जीव भांड्यात पडायचा. ते जहाज मुंबईला येऊ नये आणि मोडूही नये, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं. असं मागणं कोणी मागतं का? फकिरा मागायचा, कारण त्यानं आपल्या आईला एक खोटं सांगितलं होतं.

मोठ्या लढाईच्या दिवसांत छावणीत भरती निघाली. खेचरं सांभाळायला माणसं पाहिजे होती. जनावरांचं तर आपल्याला कळतंच, म्हणून फकिरा आणि त्याचा धाकटा भाऊ सांडू, दोघांनी नावं दिली. सांडूच्या लग्नाला वरीस झालं नव्हतं. निघताना त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, स्वतः कातलेल्या लोकरीची घोंगडी त्याला दिली. काठही तिनंच शिवला होता. फकिराची घोंगडी आईच्या हातची, साळूबाईची. धनगर एक वेळ साहेबाचे बूट घालील, टोपी घालील, पण घोंगडी खाली ठेवायचा नाही.

केलमोर मुळात साहेबलोकांना हवा खायला नेणारं जहाज. जेवायच्या दालनात झुंबरं होती म्हणे. लढाई लागली तशी झुंबरं उतरली, वरून खालपर्यंत राखी रंग फासला गेला, आणि त्याच्या पोटात एकावर एक फळ्या ठोकून हजारांनी माणसं भरली. "काट्याच्या वाडग्यात मेंढरं कोंडावी तसं आमाला कोंडलं," फकिरा सांगायचा, "बरं, मेंढराला निदान धनी तरी ओळखतो." तीन वर्षं दोघा भावांनी इराकात बसऱ्याकडं खेचरं राखली. लढाई संपली, आणि परतायला गाठ पडली ती याच जहाजाशी. सांडू लहान लेकरासारखा हरखला. "दादा, आपलीच मेंढी की ही!" म्हणाला.

निघाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

जहाजावर मेलेल्या माणसाला जाड कापडात शिवतात, पायाशी लोखंड बांधतात आणि कठड्यावरून पाण्यात सोडतात. फकिरानं साहेबाचे पाय धरून एवढंच मागितलं, की आत घोंगडी गुंडाळू द्या. साहेब भला होता, हो म्हणाला. फकिरानं आपली स्वतःची घोंगडी भावाला गुंडाळली आणि भावाची आपल्या खांद्यावर घेतली. तेवढीच त्याची ऊब जवळ राहील, असं त्याला वाटलं. ना माती, ना अग्नी, ना कावळा शिवला. सांडू गेला आणि पाणी होतं तसं झालं.

साहेबानं मरणाचा कागद दिला होता. मनमाडला गाडी बदलताना फकिरानं तो फाडून टाकला. आईला कागद दाखवायचा कसा, हे काही त्याला सुचेना. दारात पाऊल टाकलं तशी साळूबाई धावत आली. "एकलाच? माझा सांडू कुठंय रं?"

"साहेबानं ठेवून घेतलाय, माय. जहाजावरची जनावरं राखाया. जहाज पुन्हा मुंबईला आलं की येईल." एका दमात बोलून गेला बिचारा. आठ दिवसांनी खरं सांगू, असा विचार. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. पुढं रझाकारांचे दिवस आले. लोक जीव मुठीत धरून डोंगराच्या कपारींत लपायचे, तिथं आणखी एका मरणाची बातमी कोण सांगणार? मग पोलीस ॲक्शन झाली, रस्ते उघडले, माणसांना श्वास घेता आला. आणि साळूबाई म्हणाली, "आता वाट मोकळी झाली. आता येईल माझं लेकरू." अहो, खोटं बोलावंच लागलं तर बोलावं, पण त्याला जहाजासारखं तरंगतं काही जोडू नये. ते बुडतच नाही.

साळूबाईची तर रीतच पडली. प्रत्येक मुलाच्या मेंढ्यांच्या कानाला वेगळी खूण असते. सांडूच्या खुणेची एक मेंढी तिनं विकू दिली नाही. अकराच्या चाळीस झाल्या. हे एक वेळ चाललं असतं. पण सारजाबाईचं काय? धनगरांत नवरा गेला तर बाईचा पाट लावतात, दुसरं घर करून देतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही. फुलंब्रीकडचा कारभारी नावाचा बायको वारलेला गडी दोनदा येऊन विचारून गेला, "मालक जिता हाय का नाय, एवढं तरी सांगा." साळूबाईनं त्याला शिव्या देऊन हाकललं. कारभारीनं दुसरीकडं घर केलं. विशी ओलांडलेली सारजाबाई रोज कपाळाला कुंकू लावून मेंढ्यांमागं जात राहिली. फकिरा हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघत होता, आणि तोंडात मिठाची गुळणी!

एकावन्न साली गावचा त्रिंबक आखाजीला घरी आला. मुंबईच्या गोदीत तो पोती उचलायचा. भर पारावर त्यानं हाळी दिली, "फकिरा, तुझं केलमोर आलंय की रं! आता मालाचं जहाज झालंय. परदेशचा गहू भरून आलंय, पंधरा दिवस हलत नाय."

पारामागंच साळूबाईचं घर. तिनं ऐकलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, प्रवास झेपणारा नव्हता. ती म्हणाली, "सारजे, तू जा. नवऱ्याला आणाया बायकोनं जावं." मुंबईत त्रिंबकच्या घरी उतरायचं ठरलं. येतानाच्या वाटेसाठी म्हातारीनं चाचपडत घट्ट दशम्या केल्या आणि तीन पुरचुंड्या बांधल्या. तीन! फकिरानं त्या पुरचुंड्या मोजल्या आणि पिशवीत भरल्या.

त्रिंबकनं मुकादमाला विनवून दोघांना जहाजावर नेलं. राखी रंग गेला होता, काळा दिला होता, त्यालाही गंज चढलेला. डेकवर माल उचलायचे मोठे दांडे उभे केले होते. पोटातल्या फळ्या काढून टाकलेल्या. सांडू निजायचा तिथं गव्हाची पोती. फकिरा कुठंच थांबला नाही. तो सरळ डाव्या अंगाच्या कठड्याशी गेला आणि उभा राहिला. मागं पदर ओढून सारजाबाई. भावजय थोरल्या दिराशी समोरून बोलत नाही, पाच वर्षांत तीही बोलली नव्हती.

"सारजाबाई..." फकिरानं सुरुवात केली.

"इथूनच सोडलं का त्यांना?" तिनं विचारलं.

फकिरा गर्रकन मागं वळला. "तुला... कोणी सांगितलं?"

"तुमच्या खांद्यावरच्या घोंगडीनं. मी डावरी हाय, दादा. माझा टाका उलट्या अंगाला झुकतो. तुम्ही दारात आलात त्याच दिशी काठ पाहिला. धनगर जिता असला तर आपली घोंगडी सख्ख्या भावालाबी देत नाय."

शंभर मेंढ्या नुसत्या तोंडावरून ओळखणारा हा माणूस! सगळ्या घोंगड्या सारख्याच दिसतात, असं त्याला वाटलं होतं.

"मंग बोलली का नाहीस, माय?"

"मी बोलले असते तर गावानं म्हणलं असतं, हिला पाटाची घाई झालीया. ते तुम्ही बोलायचं होतं. पाच वर्सं मी त्यांची वाट नाय पाहिली, दादा. तुमची पाहिली."

फकिरा तिथंच बसला आणि ढसाढसा रडला. सारजाबाईनं तिसरी पुरचुंडी सोडली आणि एकेक दशमी पाण्यात टाकली. रडली ती नंतर, गाडीत, खिडकीकडं तोंड करून.

घरी साळूबाई उंबऱ्यावरच बसली होती. "आलं का रं जहाज?"

"आलं, माय. सांडू नाय यायचा. तो पाच वर्सांमागंच गेला. मी तुला खोटं सांगितलं."

म्हातारीनं ऊर बडवून घेतला, दिवस मावळेतो तिचा आक्रोश थांबला नाही. मग डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "माझं मन राखाया त्या पोरीचं वय जाळलंस, लेका."

पिठाचा पुतळा करून सांडूचे विधी झाले. वर्षानं सारजाबाईचा पाट कन्नड तालुक्याकडच्या एका शांत गड्याशी लागला. सांडूच्या खुणेच्या चाळीस मेंढ्या फकिरा स्वतः हाकत तिच्या दारात घेऊन गेला. अशी रीत नाही, म्हणून चार जाणते कुरकुरले. "रीत मी आधीच मोडलीया," म्हणाला, आणि खांद्यावरची घोंगडीही तिच्या हातात ठेवून परतला.

तो हिवाळा त्यानं गव्हाच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून काढला. साळूबाईला आता दिसत नव्हतं, तिच्यानं कातणं होत नव्हतं. दुसऱ्यांनी देऊ केलेली घोंगडी त्यानं घेतली नाही. जहाजाची चौकशीही पुन्हा कोणापाशी केली नाही.

पुढच्या दिवाळीला सारजाबाईचा मालक छावणीच्या बाजारात आला. फकिराला हुडकून त्यानं एक गाठोडं हातात दिलं. "घरच्यांनी धाडलंय. त्या चाळीस मेंढ्यांचीच लोकर हाय." फकिरानं गाठ सोडली. कोरी, काळीभोर घोंगडी. त्यानं काठावरून बोट फिरवलं. टाका उलट्या अंगाला झुकलेला होता.

भर बाजारात, लोकांसमोर, तो घोंगडीत तोंड खुपसून रडला. मग ती खांद्यावर टाकली आणि मेंढ्या घेऊन पडेगावच्या वाटेला लागला.