काट्याच्या खोलीतला डबा

पाचही फोन एकदम मेले. मी तुमसरच्या एका राइस मिलच्या फाटकात चहा पीत होतो. कप तसाच ठेवला. कालच जोडलेलं इंटरकॉम! आणि मी शेटजींना सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "माझ्या चुकीनं बंद पडलं, तर साऱ्या वायरी माझ्या हातानं काढीन."

ही गोष्ट ऐंशीच्या पुढची. धानाचा सीझन तोंडावर आलेला. ऑफिस, वजनकाटा, गोदाम, मशीनघर, फाटक, अशा पाच जागी फोन हवे होते. शेटजींचं म्हणणं, एकच वायर ऑफिसातून काट्यावर, तिथून गोदामात, अशी माळ करत न्या. वायर कमी लागते. मी नाही म्हटलं. धानाच्या शेतात एका बांधीतून खालच्या बांधीत पाणी घेतलं, की वरच्यानं तोंड बुजवलं तर खालचा कोरडा. तसंच हे. उंदरानं मधे एक दात मारला, की पुढचे सगळे मुके. मी सगळे फोन एकमेकांना जोडणारा, विजेवर चालणारा एक्स्चेंजचा डबा मधे ठेवला आणि त्यातून पाच जागी पाच वेगळ्या वायरी नेल्या. आजचे कॉम्प्युटरवाले याला स्टार म्हणतात, आणि असल्या मांडणीला टोपोलॉजी. मी चौथी शिकलो. मला नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं.

डबा शेटजींच्या केबिनमध्ये लागला. त्यांनी नारळ फोडून त्याला हळदकुंकू वाहिलं.

तर मी टेस्टर घेऊन केबिनकडे पळालो. दाराला कुलूप! शेटजी पोत्यांजवळून ओरडले, "काहून मिस्त्री, वायरी गुंडाळता का आता?"

"थांबा न शेटजी, पाहू तर द्या."

"गाड्या फाटकात उभ्या आहेत, काट्यावर फोन लागून नाही राहिला. अजून काय पाहता?"

अर्ध्या तासानं मुनीमजी घरून जेवून आले. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत जाऊन केबिनचा मेन स्विच चालू केला. पंखा फिरला. डब्यावरचा लाल दिवा लागला.

"मुनीमजी, मेन बंद करून गेले होते?"

"हाव. कुलूप लावाच्या आधी रोजच करतो. शेटजीची वीज कायले जाळू?"

शेटजी खो-खो हसले. "चूक कोनाची मंग?"

"माझीच," मी म्हटलं. खरंच होती. डबा कुठं ठेवायचा हे त्यांनी सांगितलं, पण त्या खोलीला कुलूप लागतं का, हे मी विचारायला हवं होतं.

"मंग काढता वायरी?"

"काढतो. पण दुसऱ्या जागी जोडाले. डबा काट्याच्या खोलीत नेतो. तिथं कुलूप लागतच नाही."

"पूजा झालेला डबा उठवाचा? माझ्या केबिनीतून?"

"दसऱ्याले काट्याची पूजा तुमीच करता न? मंग तो देवाजवळच चालला."

"बोलाले लय हुशार आहा. न्या. पण आजच!"

दिवस मावळायच्या आत पाचही फोन वाजले. सीझनभर वाजले. पुढं उंदरानं गोदामाची वायर तोडलीच. गोदाम मुकं झालं, बाकीचे चार बोलत राहिले. मी मुद्दाम फाटकावरून शेटजींना फोन लावला, "शेटजी, माळ असती तर?"

त्यांनी फोन ठेवून दिला.

ऑफिसात वायर ओढायची असेल तर नकाशा नंतर काढा. आधी विचारा, कुलूप कोण लावतो.