मासळीचा बर्फ आणि निर्मलाचे बेडूक

फोन भाच्याचा होता. "मामी, आई गेली." महिना होत आला, पण हे वाक्य अजून माझ्या तोंडात बसत नाही...

निर्मला माझी नणंद. ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ऐंशीच्या दशकात आम्ही सगळे कोपरीला दोन खोल्यांत राहायचो. मी सातवी शिकलेली; जे काही कळलं ते तिच्या पाठीमागे उभं राहून. तिची डॉक्टरेट बेडकांवर चालली होती. अंगात विषाणू शिरला की बेडकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात कशा, हा तिचा ध्यास. "आजारी पेशी बाहेरून जराशी वेगळी दिसते, वहिनी. पांढऱ्या पेशी तिला हेरून मारतात. मरण्याआधी ती शेजारणींना सावध करते."

"म्हणजे आपली चाळच की."

"चाळीत सावध उशिरा करतात," ती म्हणाली.

एका मे महिन्यात प्रयोगशाळेला सुट्टीचं कुलूप लागणार, म्हणून आजारी बेडकांचे ट्रे तिने घरी आणले. रोज एकेक थेंब रक्त, काचपट्टी, वही. मग दोन दिवस तिला मार्गदर्शकांकडे पुण्याला जावं लागलं. "पाणी तेवढं बदल, बाकी काही करू नकोस," असं बजावून गेली. पण उकाडा इतका होता, की मला त्या जिवांकडे बघवेना. शेजारची मंजुळाबाई कोळीण बाजारातून आली होती. टोपलीतला उरलेला बर्फ तिने पुढे केला. "घाल गो वैनी, गार ऱ्हातील बिचारे." दोन्ही दिवस आम्ही दोघींनी घातला.

निर्मला परतली तेव्हा निम्मे मेले होते. उरलेले दुसऱ्या दिवशी गेले. बर्फाचं ऐकून ती रागावली नाही, नुसती खाली बसली. "गारठ्यात यांच्या पेशी सुस्तावतात गं. लढणार कशा?"

मंजुळाबाई म्हणाली, "आमची मासली तर बर्फानच टिकते."

"ती मेलेली असते, मंजुळाबाई."

आम्ही तिघी हसलो. हसायला नको होतं...

पुढे तिचं लग्न झालं, सासू अंथरुणाला खिळली, मुलगा झाला. ते काम पुन्हा उभं राहिलं नाही. डॉक्टरेट राहूनच गेली. माफी मागायची म्हणून मी कितीदा तिच्या डोंबिवलीच्या घरी गेले, आणि भाजी निवडून, चहा पिऊन परत आले.

दहाव्याला तिच्या खोलीत बसले होते. भिंतीवर तापमापक, खाली कॅलेंडर. रोज सकाळचा पारा ती चौकटीत लिहायची, आजारपणातसुद्धा, कुणी विचारत नसताना. चौकटी एका मंगळवारपर्यंत भरलेल्या. पेन्सिल दोरीला लटकत होती. पारा बत्तीसवर होता. मी उठून आकडा लिहिला. हात थकलाय माझा... तिच्यासारखं अक्षर आलं नाही.