सुयांचे ठोकळे

टेकडीवर पाइनच्या वाळक्या सुयांचा थर साचला, की उन्हाळ्यात वणवा ठरलेलाच. वहिनी तो थर दाताळ्यानं ओढायच्या, पोती भरून खाली आणायच्या. मग सुया बारीक कापायच्या, पिठाच्या खळीत कालवायच्या आणि हातयंत्रात दाबून जळणाचे ठोकळे पाडायच्या. नवरा गेल्यावर शिवणकाम सोडून त्यांनी हे मांडलं, तेव्हा गल्ली म्हणाली, "बाई केर विकायला निघाली!"

कारखाना म्हणजे धाकट्या दिराच्या बेकरीमागची शेड. दिराचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, तुमच्या ठोकळ्यांवर भट्टी चालली, तर शेड तुमची. नाहीतर मी तिथे लाकूड रचणार."

पहिल्याच दिवशी भट्टीनं काळाकुट्ट धूर ओकला. पावाला त्याचाच वास. गिऱ्हाइकं कसली सोडतात! एकानं तर विचारलं, "पाव भाजलाय की धुरी दिलीय?"

दीर पाव घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. "घ्या, खाऊन बघा."

वहिनींनी घास चावला. "वाईट लागतोय."

"जाऊबाई, खोकल्यावर चालेल का हो?" मागून त्याच्या बायकोनं विचारलं.

वहिनींनी एक ठोकळा उचलून गुडघ्यावर मोडला. बाहेरून खडखडीत, पोटात ओलाकच्च.

"चूक माझी. वरून हात लावला, सुका लागला, दिले पाठवून. मलाच दम निघत नव्हता."

"बरं, मग उद्या सुके द्या."

"उद्या नाही. परवाही नाही. मोडल्यावर आतून कोरडा निघेल, तेव्हाच देईन."

"आणि तोवर भट्टी काय उपास करेल?"

"तोवर लाकूड आणा."

"अहो, लाकूड आलं की शेड जाईल! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून काय पुन्हा ओले देऊन तुमचा पाव नासवू?"

दीर आत गेला. वहिनींनी सगळे ठोकळे खाली उतरवले आणि मध्ये हवा खेळेल असे फळ्यांवर पुन्हा उभे केले. जागा आपली राहणार की नाही, याचा विचार हात थांबले की यायचा. म्हणून हात थांबू दिले नाहीत.

संध्याकाळी लाकडाचा टेम्पो आला. "शेठ, शेडमध्ये उतरवू?" ड्रायव्हर ओरडला.

कोपरापर्यंत पीठ माखलेला दीर बाहेर आला. त्यानं शेडमध्ये डोकावून पाहिलं.

"भिंतीकडेला टाक. वर ताडपत्री घाल," तो म्हणाला. "आत माल वाळतोय."