आईच्या पत्रांसाठी अक्षरं शोधताना

आबांचं वाचन बंद झालं तेव्हा मी धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची असिस्टंट होते. नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतून रिटायर होऊन रावेरजवळच्या आमच्या गावी केळीची बाग बघत होते. जळगावच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, की पडद्याचा मधला भाग झिजलाय, औषध नाही. कडेकडेचं दिसत राहील. अक्षर खूप मोठं असेल तर वाचताही येईल.

त्या हिवाळ्यात मी त्यांना धुळ्याला माझ्या भाड्याच्या खोलीवर घेऊन आले. एकदा दुपारी लवकर घरी आले, तर आबा गॅलरीत उन्हात बसलेले. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एका हातात भिंग, दुसऱ्यात निळं आंतर्देशीय पत्र. मान तिरकी करून ते डोळ्याच्या कडेनं पत्राकडे बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी पत्र घडी करून डब्यात टाकलं.

ती आईची पत्रं होती. लग्नाला वर्ष झाल्यावर काही वर्षं आबांची बदली सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात होती आणि आई सासरी रावेरकडे. आई मूळची धुळ्याकडची, बोलणं अहिराणी. तिला लिहिता येत नव्हतं. आबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षात तिला पाटीवर शिकवलं, मग बदली झाली आणि ती पत्रं लिहायला लागली. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

"मी वाचून दाखवू का, आबा?"

"नको," ते म्हणाले. "ती मोठ्यानं वाचायची नाहीत."

मी आत गेले. पण रात्रंदिवस तेच डोक्यात राहिलं. बसस्टँडजवळच्या दुकानात मराठी टायपिंग करून मिळायचं, पण आईची पत्रं कुण्या परक्या माणसाच्या हातात देणं आबांना चाललं नसतं. मलाही नाही.

आमच्या लॅबमध्ये गणिताच्या प्रश्नपत्रिका छापायचा एक प्रोग्राम होता. आमच्या सरांनी तो मुंबईहून फ्लॉप्यांवर आणला होता. तो अक्षर कितीही मोठं करू शकत होता, पण त्याला फक्त इंग्रजी येत होतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "परदेशात एक मोठं कोठार आहे. जगभरचे लोक या प्रोग्रामसाठी काहीबाही लिहितात आणि तिथं फुकट ठेवतात. देवनागरी असली तर तिथंच असेल. शोध."

शोध म्हणणं सोपं होतं. आमच्याकडे इंटरनेट असं नव्हतंच, ई-मेल होती. तीही दिवसातून दोनदा, फोन लागला तर. त्या कोठाराला पत्र पाठवायचं, त्यात लिहायचं की अमुक कप्प्याची यादी द्या. दुसऱ्या दिवशी यादी यायची. मग त्यातला एक कप्पा निवडून पुन्हा पत्र. असं रोज एक दार उघडत मी आत जात होते.

तिथल्या पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या फाइलींच्या गठ्ठ्यांची, नावं आठ-आठ अक्षरांची, कुणीतरी घाईत दिलेली. नावावरून आत काय आहे ते कळायचं नाही. बुद्धिबळाचे पट, गाण्यांची स्वरलिपी, हाडांच्या आकृत्या, जुनी ग्रीक अक्षरं. 'मराठी' म्हणून शोधलं, काही नाही. 'हिंदी', काही नाही. तिसऱ्या आठवड्यात 'संस्कृत' हा शब्द एका यादीच्या तळाशी सापडला. मी खुर्चीतून उठून लॅबभर एक चक्कर मारून आले.

पॅकेज अकरा तुकड्यांत आलं. सातवा तुकडा आलाच नाही. तो पुन्हा मागवला. सगळे जोडले, उघडले, चालवायला गेले, तर पडद्यावर ओळ आली की एक फाइल सापडत नाही. मग त्या फाइलीची शोधाशोध. ती कुठल्या पॅकेजात आहे हे कुणाला माहीत? त्या कोठारात एक भली लांब यादी होती, कुठल्या पॅकेजाच्या पोटात कोणकोणत्या फाइली आहेत त्याची. ती मागवली आणि तिच्यात नाव शोधलं. निघाली कुठं, तर त्या जुन्या ग्रीक अक्षरांच्या पॅकेजात.

घरी आबा रोज विचारायचे, "आज कुठलं पुडकं सोडलं?" पॅकेजला ते पुडकं म्हणायचे. मी सांगायची. हाडांच्या आकृत्यांचं ऐकून ते खूप हसले होते. कशासाठी शोधतेय हे मात्र मी सांगितलं नव्हतं.

पहिला कागद छापला तो माझ्या आठवणीतल्या आईच्या बोलण्याचा. आबा बदलीच्या गावी निघाले, की ती त्यांना नेहमी म्हणायची तेच वाक्य, बोराएवढ्या अक्षरांत. घरी नेऊन आबांच्या हातात दिला. त्यांनी मान तिरकी केली आणि सावकाश वाचलं:

"तुम्ही तठे एकला र्हातस, येळवर जेवत जा."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग बोट 'र्हा'वर ठेवलं. "इथं रफार कसा आला?"

मी बघितलं. खरंच, 'ह'च्या डोक्यावर रफार बसला होता. संस्कृतला आणि हिंदीला 'ऱ्हा'तला तो अर्धा 'र' लागत नाही, आपल्यालाच लागतो.

"तुझी आई हा शब्द प्रत्येक पत्रात लिहायची," आबा म्हणाले. "ऱ्हातस. तो अर्धा र शिकवायला मला चार दिवस लागले होते. रफार चालणार नाही, पोरी."

त्यावरून मला कळलं, की त्यांनी माझा बेत ओळखलाय आणि त्यांची हरकत नाही.

मी पुन्हा पॅकेज उघडलं. या वेळी बाहेर कुठं शोधायचं नव्हतं, आतच बघायचं होतं. माहितीच्या फाइलीत काही नव्हतं. मग अक्षरांच्या फाइली एकेक उघडून ओळीओळीनं वाचल्या. एकेका अक्षराचा दांडा कुठून सुरू होतो, वेलांटी किती वळते, सगळं आकड्यांत लिहिलेलं. चौथ्या दिवशी, सर्वांत शेवटच्या फाइलीत, शेवटून थोडं वर, तो 'र' सापडला. नीट काढलेला. शेजारी ते पॅकेज बनवणाऱ्या माणसानं इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: मराठीसाठी लागतो.

तो माणूस युरोपात कुठंतरी राहत होता. मराठी बोलणारं कुणी त्याला कधी भेटलं होतं की नाही, कोण जाणे. पण त्याला माहीत होतं. मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. मग त्याला ई-मेलनं आभाराचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की तो 'र' खरंच कुणी वापरला हे ऐकून बरं वाटलं, काय छापलं? मी कळवलं, घरगुती पत्रं.

सर म्हणाले, "रविवारी लॅब वापर. लेझर प्रिंटरचा कागद मात्र स्वतःचा आण."

पुढच्या रविवारी मी आबांना रिक्षानं लॅबमध्ये नेलं. ते डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. पहिलं पत्र काढून दिलं आणि म्हणाले, "टाइप कर. वाचू नको."

"आबा, वाचल्याशिवाय टाइप कसं होणार?"

त्यांनी विचार केला. "मग वाच. पण बोलू नको."

मी बोलले नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायचं होतं, त्यामुळं एकेक अक्षर फोडून बघावं लागत होतं. आठे बठ्ठं बरं शे, म्हणजे इथं सगळं बरं आहे. गायनं दुध आटनं. पोर पाटीवर रेघा काढस, तुमनासारखी मान वाकडी करस. ती पोर मीच. माझे हात थांबले. आबा पंख्याकडे बघत बसून राहिले. थोड्या वेळानं मी पुढं टाइप करायला लागले.

पहिलं पान छापून त्यांच्या हातात दिलं. ते वाचत गेले आणि मध्येच थांबले.

"हे तिचं नाही."

"काय, आबा?"

"दूध. तू दुसरा उकार दिलास. ती पहिला द्यायची."

माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बोटांनी आपसूक शुद्ध करून टाकलं होतं. "पण आबा, बरोबर तर दुसराच ना?"

"बरोबर दुसराच," आबा म्हणाले. "छत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत मी तो लाल शाईनं दुरुस्त केला. हिच्या पत्रात कधी केला नाही. ती घाबरून लिहायची थांबली असती तर?"

मी तो उकार पुन्हा पहिला केला. मग उरलेल्या सगळ्या पत्रांत एकेक ऱ्हस्व-दीर्घ आईच्या कागदाशी ताडून पाहिला. एकोणीस पत्रं होती. पाच रविवार लागले. अक्षर एवढं मोठं, की एकेका पत्राची सात-आठ पानं झाली. शेवटच्या रविवारी आबांनी सरांसाठी केळीची अख्खी फणी नेली.

पानं पुरी झाल्यावर ते रोज दुपारी गॅलरीत बसून वाचायचे. मी सुट्टीच्या दिवशी आत कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापत असताना त्यांचं हसू ऐकू यायचं, कधी नुसती पानांची सळसळ. मी बाहेर डोकावत नव्हते.

होळी झाल्यावर बागेकडे बघायला हवं म्हणून ते गावी गेले. आठवड्यानं त्यांचं कार्ड आलं, स्केचपेननं लिहिलेलं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, ओळी थोड्या तिरक्या. एका कार्डावर एवढंच मावलं होतं: "पोचलो. बाग ठीक. वाचन चालू आहे. तूही वेळेवर जेवत जा."